पिवळा ठिपका

नदीकडे उतरत जाणाऱ्या त्या गल्लीत तिला सगळे टेपताई म्हणत. खांद्यावरच्या पिशवीत मोजणीची टेप असायची, म्हणून ते नाव पडलं. बोलण्याशी त्याचा काही संबंध नव्हता. उलट वखारवाला म्हणायचा, "नाव टेपताई, पण हिनं टेप लावलेली आपण तरी ऐकली नाही बुवा." तिच्या कानावर ते यायचं. ती खाली बघून हसायची आणि पुढे जायची.

नगरपालिकेच्या मोजणी खात्यात तिची उमेदीची सगळी वर्षं गेली होती. लग्न राहून गेलं. म्हणजे कोणी मोडलं नाही, कोणी आडवंही आलं नाही. धाकट्या बहिणीचं आधी झालं, मग वडील गेले, मग आईला अंथरुणावरून उठवेना, आणि "माझं राहू दे" असं म्हणता म्हणता केस पांढरे झाले. आई गेल्यावर गल्लीच्या अगदी खालच्या टोकाच्या दोन खोल्यांत ती एकटी उरली. बहीण लांबच्या शहरात. कधीमधी फोन करायची, नातीचं कौतुक सांगायची आणि ठेवता ठेवता विचारायची, "तू बरी आहेस ना?"

"मला काय धाड भरलीय," ही म्हणायची, आणि फोन ठेवून बराच वेळ त्याच्याकडे बघत बसायची.

एक खोड मात्र तिला लागली होती. सकाळी निघताना ती पुढच्या खोलीतला दिवा आणि सेलवर चालणारा छोटा रेडिओ चालूच ठेवायची. कळत होतं की हे वेड्यासारखं आहे. पण संध्याकाळी दार उघडताना आतून कोणाचा तरी आवाज आला, की घरात पाऊल टाकणं सोपं जायचं. ही गोष्ट तिनं कोणाला सांगितली नव्हती. सांगणार तरी कोणाला?

नगरपालिकेनं शहराचा पूरनकाशा करायला घेतला, तेव्हा नदीकाठच्या भागाचं काम तिच्याकडे आलं. वर इंजिनिअर बाई होती, वयानं तिच्याहून निम्मी, पण कामाला वाघीण. नदीत किती पाणी आलं की ते कुठल्या घरात कुठवर चढेल, याचं गणित बाई कॉम्प्युटरवर मांडायची. पण गणित बरोबर येतंय की नाही हे ताडून बघायला मागच्या पुराच्या खुणा हव्यात, म्हणून टेपताई दारोदार फिरायची आणि विचारायची, "मागच्या वेळी पाणी कुठवर आलं होतं हो?"

लोक अंगावर दाखवायचे. कोणी कमरेला हात लावायचं, कोणी छातीला. वखारवाल्यानं गळ्याला लावला.

"तेव्हा किती वर्षांचे होता?" तिनं विचारलं.

"शाळेत होतो की."

"मग तो गळा आत्ताचा नाही, तेव्हाचा धरायला हवा," ती म्हणाली, आणि त्याच्या आईकडून त्या वेळची त्याची उंची भिंतीवर दाखवून घेतली. वखारवाला हसत सुटला. पुढे कित्येक दिवस तो सगळ्यांना सांगत होता, "सरकारनं माझ्या लहानपणाचा गळा मोजून नेला."

घराघरांत तिला बसा म्हणायचे, चहा घ्या म्हणायचे. ती उभ्यानंच नको म्हणायची. चहा घ्यायचा म्हणजे बसायचं, आणि बसलं की पुढचा प्रश्न ठरलेला, घरी कोण कोण असतं? त्याचं उत्तर एका शब्दाचं होतं, आणि ते उच्चारल्यावर समोरच्याच्या तोंडावर जे येई ते तिला बघवत नसे.

नकाशा तयार झाला. हिरवा म्हणजे कोरडं, पिवळसर म्हणजे गुडघाभर, लाल म्हणजे कमरेच्या वर. खालची गल्ली वखारीपासून नदीपर्यंत लालभडक. ही बातमी पसरली आणि तिच्याशी हसून बोलणारी माणसं तोंड फिरवायला लागली. दुकानदारानं तिला सुट्टे नाहीत म्हणून परत पाठवलं, आणि पाठीमागून म्हणाला, "घरावर लाल रंग फासून गेली. आता इथं भाडेकरू तरी येईल का?"

ती वळली. "रंग मी नाही लावला. आणि माझंही घर त्यातच आहे."

"मग स्वतःचं तरी वगळायचं होतं," तो म्हणाला.

तिनं हे इंजिनिअर बाईला सांगितलं. रडगाणं म्हणून नाही, कामाचा भाग म्हणून. बाई पेन दातात धरून विचार करत राहिली. मग म्हणाली, "त्यांचं बरोबरच आहे. आपण त्यांना फक्त भीती दिली. पाणी कुठवर येईल ते सांगितलं, आलं तर काय करायचं हे त्यांच्याशी बसून ठरवलंच नाही. हा नकाशा अर्धा आहे. उरलेला त्यांनाच काढायला लावू."

म्हणून एका सुट्टीच्या दुपारी, वरच्या चढावरच्या शाळेत बैठक ठेवली. चार बाकं एकाला एक लावून त्यावर गल्लीचा मोठा नकाशा पसरला. माणसं आली ती मुख्यतः भांडायला. पण नकाशाची गंमत अशी, की माणूस आधी त्यात आपलं घर शोधतो, आणि शोधायला एकदा वाकला की भांडण विसरतो. "एवढंसं?" लाँड्रीवाली मावशी म्हणाली. "माझं घर एवढंसंच असेल तर घरपट्टीही तेवढीच लावा." सगळे हसले. तिथून बैठक रंगली.

भोंगा वाजवला तर ऐकू येईल का, असं बाईनं विचारलं. वखारीची करवत चालू असली की खाली काहीही ऐकू येत नाही, असं खालचे म्हणाले. वखारवाल्याची कोंडी झाली. मग तो म्हणाला, "बरं, भोंगा झाला की पहिली माझी करवत बंद." ते ठरलं. नदीकडचा रस्ता सगळ्यात आधी बुडतो, म्हणून वखारीच्या मागच्या अंगानं पायऱ्यांवरून शाळेत यायचं, ते ठरलं. त्या पायऱ्यांवर दुकानदारानं रिकामी खोकी रचली होती. सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. "हलवतो, हलवतो," तो म्हणाला.

मग ठिपके. टेपताईनं चिकटवायच्या ठिपक्यांचे कागद आणले होते. निळा ठिपका म्हणजे घरात हिंडता-फिरता न येणारं माणूस, उचलून आणावं लागेल. पिवळा म्हणजे घरात एकटंच माणूस, कोणीतरी जाऊन दार ठोठावायलाच हवं. प्रत्येक ठिपक्याला एक शेजारी नेमायचा. पोस्टमन आजोबा बहिरे आणि एकटे, त्यांना पिवळा. त्यांची जबाबदारी दुकानदारावर. लाँड्रीवालीच्या सासूला निळा. टेपताई मन लावून एकेक ठिपका चिकटवत होती, आणि त्यात किती वेळ गेला ते तिला कळलं नाही.

"आणि ह्यांचं?"

किल्लीवाल्याची बायको बोलली होती. चावी हरवली, कुलूप अडलं की सगळी गल्ली ज्याच्याकडे जायची, त्या किल्लीवाल्याची बायको. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तिनं कागदावरून एक पिवळा ठिपका सोडवला, वाकून गल्लीचं खालचं टोक शोधलं आणि टेपताईच्या घरावर चिकटवला. अंगठ्यानं दाबलाही.

"अहो वहिनी, मी तर ऑफिसची माणूस," टेपताई म्हणाली.

"ऑफिस मुक्कामाला येतं का घरी?"

हशा झाला. तीही हसली. किल्लीवाला मागून म्हणाला, "ताईंचं दार माझ्याकडे. ठोठवीन. नाही उघडलं तर मी उघडीन, तो तर धंदाच आहे आपला."

सगळे गेल्यावर ती नकाशा गुंडाळायला वाकली. गल्लीतल्या प्रत्येक घराची जोत्याची उंची तिला पाठ होती. पण आपलं घर तिनं आजवर फक्त मोजलं होतं. दुसऱ्यांच्या नजरेला ते कसं दिसतं, हे तिनं त्या दिवशी पाहिलं. ठिपका जरा तिरका बसला होता. नखानं उचकटून सरळ करावा असं तिला वाटलं, पण तिनं हात लावला नाही.

त्यानंतर एकदा रंगीत तालीम झाली. निम्मी गल्ली आली, निम्मी खिडकीतून बघत राहिली. किल्लीवाल्यानं टेपताईचं दार ठोठावलं नाही, कारण ती शिट्टी घेऊन सगळ्यांच्या पुढेच उभी होती. हे कोणाच्या ध्यानातही आलं नाही. तिच्या तर नाहीच.

पूर आला तो पावसाळा संपत आला असं वाटायला लागल्यावर. वरच्या डोंगरात आठवडाभर पाऊस धरून होता. आदल्या दिवशी टेपताई अंगात ताप घेऊन, शाल गुंडाळून दुपारीच घरी परतली. लाँड्रीवालीनं तिला पाहिलं होतं आणि किल्लीवाल्याच्या बायकोला सांगितलंही, "टेपताई तापानं फणफणलीय." सकाळी इंजिनिअर बाईचा फोन आला, की धरणाचे दरवाजे उघडावे लागतील असं दिसतंय. तशीच गोळी घेऊन ती उठली. ऑफिसची गाडी नदीकाठच्या रस्त्यानं आली होती. गल्ली न चढता ती खालच्या खालीच गाडीत बसली. घराचं दार ओढलं की आपोआप लागायचं. आत दिवा चालू होता आणि रेडिओही.

दरवाजे उघडले. ऑफिसातून तिनं एकेकाला फोन लावायला सुरुवात केली. पहिला लाँड्रीवालीला.

"मावशी, वेळ आली. भोंगा होईल आता. सासूबाईंना उचलायला घ्या."

"घेते. तुमचं काय पण?"

"माझं राहू दे. आधी तुम्ही निघा."

तिनं फोन ठेवला आणि पुढचा लावला.

भोंगा झाला. करवत थांबली, आणि करवत थांबली म्हणूनच खालच्यांना कळलं की हे खरं आहे. तालमीला खिडकीत बसलेलेही बाहेर पडले. पायऱ्यांवर एकही खोकं नव्हतं. दुकानदार पोस्टमन आजोबांना हाताला धरून आणत होता, आणि आजोबा आपल्या बहिऱ्या आवाजात ओरडून विचारत होते, "आज पुन्हा तालीम का रे?" लाँड्रीवालीच्या सासूला खुर्चीत बसवून वखारीच्या चार कामगारांनी वर आणलं. म्हातारी म्हणाली, लग्नातही आपली एवढी मिरवणूक निघाली नव्हती.

टेपताई ऑफिसच्या गाडीनं वरच्या बाजूनं शाळेत पोचली आणि नकाशा पसरून बसली. माणूस आलं की त्या घरावर खूण. निळे ठिपके पुरे झाले. पिवळेही झाले. तिचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात किल्लीवाल्याची बायको गर्दीतून वाट काढत आली आणि तिला बघून जागीच थिजली.

"तुम्ही इथं?"

"मघाशीच आले. भाऊ कुठं आहेत?"

"तुम्हाला आणायला गेलेत."

"मला? मी तर इथं आहे."

"ते त्यांना कोण सांगणार होतं?"

लाँड्रीवाली पुढे झाली. "अहो, मी विचारलं तर म्हणालात, माझं राहू दे. मला वाटलं तापानं उठवत नाहीये. मीच म्हटलं त्याला, बाई अंथरुणात पडलीय, तू जा."

तिनं फोन काढला. किल्लीवाल्याचे फोन येऊन गेले होते. ती सगळा वेळ दुसऱ्यांशी बोलत होती. तिनं लावला. वाजला नाही. ती पायऱ्यांकडे धावली. खाली वखारीपर्यंत गढूळ पाणी आलं होतं आणि त्यात ओंडके फिरत होते. वखारवाल्यानं तिचा दंड धरला. "तुम्ही नका जाऊ. आता बोट येऊ दे."

बोट यायला दुपार उलटली. तोवर दोघी बायका शाळेच्या एकाच ओट्यावर बसून होत्या, मधे दोन हातांचं अंतर ठेवून. टेपताईनं एकदा तोंड उघडलं. "वहिनी..."

"नको," ती म्हणाली. "आत्ता काही बोलू नका."

किल्लीवाला सापडला तो टेपताईच्या घराच्या पत्र्यावर. जिवंत होता. अग्निशमनवाल्यांनी त्याला बोटीत घेतलं तेव्हा त्याचा उजवा पाय घोट्याखाली वेडावाकडा झाला होता. आतलं लोखंडी कपाट पाण्यानं उचललं आणि त्याच्या पायावर पडलं. पाय ओढून काढून, खिडकीच्या गजांना धरून तो वर चढला होता.

त्या पुरात खालच्या गल्लीतलं एकही माणूस दगावलं नाही. नाल्यापलीकडची वस्ती नकाशात तितकीच लाल होती, पण तिथं बैठक व्हायची राहिली होती. तिथं एक म्हातारं जोडपं घरातच बुडून गेलं. शेजाऱ्यांना वाटलं होतं, ते मुलाकडे गेले असतील. टेपताईला हे इंजिनिअर बाईकडून कळलं.

टेपताई हॉस्पिटलात गेली. वॉर्डाच्या दाराशी बराच वेळ घुटमळली, मग आत गेली. किल्लीवाल्याचा पाय वर टांगलेला होता. बायको औषधं आणायला गेली होती.

"बसा," तो म्हणाला. या वेळी ती बसली.

"ताई, आत कोणीतरी बोलत होतं हो," तो म्हणाला. "मी ठोठवलं, हाका मारल्या. दिवा दिसत होता, बोलणं ऐकू येत होतं, आणि दार कोणी उघडत नाही. म्हटलं, पडल्या असतील आत. उघडलं. खोल्या बघितल्या, मोरी बघितली, पलंगाखाली बघितलं. मग कळलं, रेडिओ होता. तोवर पाणी दारात."

टेपताईनं पिशवीचा बंद बोटांना गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला.

"मी तो चालू ठेवूनच जाते," ती म्हणाली. "रोज."

"का?"

"घरी आल्यावर आवाज असावा म्हणून."

शेजारच्या खाटेवरचा माणूस खोकला, थांबला. मग किल्लीवाला म्हणाला, "मग सांगायचं होतं."

"कोणाला?"

"आम्हाला. आणि कोणाला?" तो जरा चिडलाच. "गल्लीभर लोकांच्या दारावर ठिपके लावलेत तुम्ही. तुमच्यावर लावला तो काय शोभेला होता?"

तिचे डोळे भरून आले. तेवढ्यात बायको औषधं घेऊन आली. टेपताई उठून उभी राहिली. हात जोडावेत की काय करावं, तिला कळेना. वहिनी पिशवीतल्या बाटल्या एकेक करून कपाटात लावत राहिली. शेवटी पाठमोरीच म्हणाली, "तुमचा राग नाही मला. पण बोलवत नाही. तुम्ही या वाटलं तर, पण मला बोलायला लावू नका."

घरात गुडघाभर गाळ होता. टेपताईनं एकटीनं काढायला घेतला. वखारवाला दोन माणसं घेऊन आला तेव्हा सवयीनं तिच्या ओठांवर आलं, माझं राहू दे. तिनं ते गिळलं आणि म्हणाली, "आतलं कपाट हलवायला लागेल." त्या कपाटाकडे तिला एकटीला बघवत नव्हतं.

किल्लीवाला बरा झाला, पण पाय कायमचा अधू झाला. चौकात जाऊन किल्ल्या करत बसणं संपलं. आता तो घराच्या पुढच्या खोलीत बसून कुलपं उघडतो, आणि लोक त्याच्याकडे येतात. तो तिला हाक मारतो, चेष्टाही करतो. वहिनी आत निघून जाते.

पूर ओसरल्यावर शाळेत परत बैठक झाली. ठिपक्यांना एक नियम जोडला गेला. पिवळ्या ठिपक्याच्या माणसानं घरातून निघताना कोणातरी एकाला सांगून निघायचं. ही सूचना टेपताईनंच मांडली. का मांडली ते सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कोणी काही विचारलं नाही. पोस्टमन आजोबांनी तेवढी कुरकुर केली, की या वयात रजेचा अर्ज द्यायचा का. तिनं स्वतःसाठी लाँड्रीवालीचं नाव सांगितलं.

नियम मांडणं सोपं, पाळणं जड. पहिल्या सकाळी ती लाँड्रीसमोर नुसतीच उभी राहिली. मावशी इस्त्री फिरवत होती. "काय हो?"

"काही नाही. निघाले."

"कुठं?"

"ऑफिसला."

"बरं."

एवढंच. पण वळणापर्यंत जाईतो तिला काहीतरी मोठं मागून घेतल्यासारखं वाटत होतं. किती वर्षं झाली होती, "निघाले" हा शब्द तोंडातून गेला त्याला.

नाल्यापलीकडच्या वस्तीचं काम तिनं मागून घेतलं. तिथं कोणी तिला ओळखत नव्हतं. दारं अर्धीच उघडायची. ते म्हातारं जोडपं ज्या घरात गेलं, त्याला कुलूप होतं, आणि शेजारी त्याच्यासमोरून जाताना चालण्याचा वेग वाढवत. दिवसभर ती लोकांचं ऐकायची. संध्याकाळी दोन खोल्यांत परत यायची, तर भिंतींना अजून ओल होती आणि गाळाचा वास गेला नव्हता. बोलायला कोणी नव्हतं, ते नव्हतंच. ठिपक्यामुळे घरात माणूस येत नाही, हे तिला कळून चुकलं होतं.

एका सकाळी लाँड्री बंद होती. मावशी सासूला घेऊन डॉक्टरकडे गेली होती. टेपताई बंद फळ्यांसमोर उभी राहिली. वखार अजून उघडली नव्हती. असंच जावं, एक दिवसानं काय होतंय, असं तिच्या मनात आलं. चार पावलं गेलीही. मग वळली आणि किल्लीवाल्याच्या दाराशी आली.

तो आत झोपलेला असावा. वहिनी ओट्यावर कपडे पिळत होती.

"वहिनी, मी निघतेय," टेपताई म्हणाली. "नाल्यापलीकडे. संध्याकाळ होईल."

वहिनीनं हातातली चादर पिळून पूर्ण केली, झटकली, दोरीवर टाकली. कडा सरळ केल्या. वर बघितलं नाही.

"संध्याकाळ म्हणजे अंधार पडल्यावर?"

"नाही. उजेडातच येईन."

"बरं."

ती उजेडातच परतली. ओटा रिकामा होता, चादर वाळून आत गेली होती. ती रस्त्यातच थांबली आणि अर्धवट उघड्या दाराकडे बघून म्हणाली, "वहिनी, आले."

आत भांडी घासण्याचा आवाज येत होता, तो थांबला. जरा वेळानं आवाज परत सुरू झाला, तेव्हा टेपताई आपल्या दाराकडे उतरायला लागली.